राखेचा हिशेब कोण देणार?



एकलहऱ्याच्या गेटावर मोर्चा निघाला की आपली पोरं पुढं असतात. हातात निळा झेंडा, कपाळाला निळी पट्टी, घोषणा ठरलेली. ६६० मेगावॅटचा नवा संच झालाच पाहिजे! कोण म्हणतो देत नाही! घसा फाटेस्तोवर ओरडायचं, पुढाऱ्यानं निवेदन द्यायचं, साहेबानं ते हसत घ्यायचं, फोटो निघायचा, आणि आपण वडापाव खाऊन वस्तीवर परत. मी म्हणतो, ओरडा. जरूर ओरडा. पण त्याआधी एवढं विचारा, ह्या ६६० मध्ये आपले किती? आणि आधीचे दोन संच थंड केले तेव्हा आपले किती गेले, ह्याचा हिशेब कोणी मागितला?

कोणी नाही मागितला. मी नाही, तुम्ही नाही, युनियनवाल्यांनी तर नाहीच नाही.

आधी नीट मांडू. गोदावरीच्या काठी हे औष्णिक वीज केंद्र आलं. पहिला संच १९७० साली, दुसरा १९७१ साली, दोन्ही १४० मेगावॅटचे. पुढं १९७९, १९८० आणि १९८१ असे ओळीनं २१० चे तीन. बेरीज ९१०. त्यातले पहिले दोन कायमचे बंद झाले. राहिले तीन, म्हणजे ६३०, आणि त्या तिघांनीही चाळिशी कधीच ओलांडली. गेलेल्या दोघांच्या जागी ६६० चा एकच थोरला संच येणार असं सांगितलं गेलं. कोराडीला ६६० चे तीन उभे राहिले. भुसावळलाही उभा राहिला. एकलहऱ्याचा कागदावर बसून आहे. निवडणूक आली की त्याच्यावरची धूळ झटकायची, मत पडलं की परत फायलीत.

आता कोणी म्हणेल, अजून तीन संच आहेत, मग बंद पडण्याची बोंब कशाला? बोंब अशासाठी की वीज केंद्र साखर कारखान्यासारखं बंद पडत नाही. इथून जवळच पळसे. तिथला नाशिक सहकारी साखर कारखाना बरीच वर्षं बंद राहिला. केवढा गलबला! का? कारण तिथं सभासद होते, शेअर होते, वावरात ऊस उभा होता. उसाला मालक असतो आणि मालकाला आमदार असतो. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाख माणूस रस्त्यावर आला, गिरणगावचे भोंगे गप्प झाले, त्या गप्पपणाचं दुःख अख्ख्या देशाला ऐकू गेलं. वीज केंद्राचं तसं नाही. एकलहऱ्याचा संच थांबला तरी कॉलेज रोडचा दिवा विझत नाही. तारेत वीज कुठूनतरी येतेच, चंद्रपूरहून येते, कोराडीहून येते. बटण दाबलं की पंखा फिरतो. पंखा फिरतोय तोवर शहरातल्या माणसाला कशाला ठाऊक व्हावं की सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढ्याच्या कडेच्या वस्तीत कोणाची चूल थंड झाली?

आणि दुसरं. कारखाना बंद पडतो तेव्हा कायम नोकरीतल्या माणसाचं काय होतं? त्याची बदली होते. भुसावळ, चंद्रपूर, परळी, पारस. हाल होतात, बायकापोरं इकडं आणि तो तिकडं, ते मी नाकारत नाही. पण पगार चालू राहतो. सर्व्हिस बुक चालू राहतं. औद्योगिक विवाद कायद्यात कारखान्याचा भाग कायमचा बंद करणं हेसुद्धा क्लोजरच धरलं होतं. पण कायम माणूस दुसरीकडं बसवून दिला की कागद छान दिसतो: एकाचीही नोकरी गेली नाही. मग गेलं कोण?

गेला तो, जो त्या कागदावर कधी नव्हताच.

हे समजायला जरा मागं जावं लागेल. आपल्या बापजाद्याला गावात पगार नव्हता. वतन होतं. वतन म्हणजे काय, तर बारा महिने चोवीस तास गावाची आणि सरकारची हाडं उचलायची आणि त्याबदल्यात तुकडाभर जमीन नि दारोदार मागून आणायची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. ते त्या वेळी पास झालं नाही. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. वतन गेलं, बरं झालं गेलं. पण हातात काय आलं? शेत मोजक्यांना. बाकी सगळा समाज पाटलाच्या बांधावर मजूर म्हणून तसाच उभा.

अशात ती चिमणी उभी राहिली. खेड्यातल्या माणसाला चिमणी म्हणजे धूर. आपल्या माणसाला चिमणी म्हणजे रोख पैसा. आठ तासांची पाळी. पाळी संपली की माणूस सुटला, मग त्याला कोणी 'ए, इकडं ये, जनावर ओढून टाक' म्हणू शकत नव्हतं. ज्याचा बाप जोहार मायबाप म्हणत वाड्यापुढं वाकला, त्याचा पोरगा सायकलवर डबा अडकवून वाड्यावरून टणाटण घंटी वाजवत निघाला. बसून बोलणाऱ्याला ही गोष्ट लहान वाटेल. ज्यानं ती घंटी वाजवली त्याला विचारा. मंडळाच्या कायम जागांना आरक्षण लागलं, आपल्यातले काही हेल्पर झाले, काही क्लार्क, काही इंजिनिअर. त्यांची पोरं शिकली. आज जी पोरं मोर्चात पुढं आहेत त्यातल्या कितीकांच्या फीचे पैसे त्या धुरातूनच आलेत. म्हणून चिमणीला नुसत्या शिव्या देणारा मी नाही.

पण चिमणीच्या आतसुद्धा गाव होतंच. गावाला जशी वेस असते तशी गेटाच्या आतही वेस होती, अजून आहे. हे मी आज नवीन सांगत नाही. ओढ्याच्या स्टेशनावरून जो रेल्वेमार्ग पुढं निफाड, लासलगाव करत मनमाडला जातो, त्याच मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली. तिथं त्यांनी सांगितलं की कामगाराचे दुश्मन दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे आपण सगळे भाषणात सांगतो. त्याच भाषणातली दुसरी गोष्ट मात्र सांगत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागायचा नि गँगमन म्हणूनच मरायचा. त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागे, आणि मास्तर सवर्ण! मुंबईच्या गिरणीत तीच कथा. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं सुताचा दोरा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीनं सूत बाटतं म्हणून आपल्याला विणकाम खातं बंद. लाल बावटेवाले तेव्हा ह्यावर गप्प होते.

आता पोर्टर नाही आणि तोंडानं दोरा ओढणं नाही. आता कंत्राट आहे.

जरा वीज कशी होते ते बघा, म्हणजे कळेल. रेल्वेच्या वाघिणीतून कोळसा येतो. तो उलटा करून पट्ट्यावर टाकतात, पट्ट्यावरून बंकरात, बंकरातून गिरणीत. तिथं त्याचं पिठासारखं पीठ होतं. ते पीठ बॉयलरात फुंकायचं. पाण्याची वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं, वीज तारेत जाते. २१० चा एक संच पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला तीन-साडेतीन हजार टन कोळसा खातो. आपल्या देशातल्या कोळशात शंभर टनाला तीस-चाळीस टन राख. म्हणजे एकाच संचाची रोजची हजारभर टन राख. काही तळाला पडते, बाकीची धुरातून पकडून खालच्या हॉपरात साठते. हॉपर तुंबतात. ते कोणीतरी मोकळे करावे लागतात. पट्ट्याखाली सांडलेला कोळसा कोणीतरी फावड्यानं भरावा लागतो. गटार कोणीतरी उपसावं लागतं, राखेच्या बंधाऱ्यावर पाइप कोणीतरी सरकवावा लागतो. ह्या 'कोणीतरी'ला नाव नाही. कंट्रोल रूममध्ये काचेमागं काटे बघत बसणाऱ्याला नाव आहे, हुद्दा आहे. राखेत कमरेएवढं उतरणाऱ्याचं नाव ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत असतं.

गंमत बघा, आणि ही गंमत रडण्यासारखी आहे. ज्या १९७० साली एकलहऱ्याचा पहिला संच सुरू झाला, त्याच १९७० साली दिल्लीत कंत्राटी कामगार नियमन आणि निर्मूलन कायदा झाला. निर्मूलन! त्याचं दहावं कलम सांगत होतं की काम बारमाही असेल तर सरकारला तिथली कंत्राटी पद्धत बंद करता येईल. मला सांगा, राख काढणं हे बारमाही काम नाही तर काय यात्रेतलं काम आहे? बॉयलर पेटला की राख होणार. आज होणार, उद्या होणार, संच मरेपर्यंत होणार. पण त्या निर्मूलनाला पन्नासहून जास्त वर्षं झाली, निर्मूलन कोणाचं झालं ते आपण बघतोच आहोत. मध्ये १९९६ साली सुप्रीम कोर्टानं एअर इंडियाच्या खटल्यात म्हटलं होतं की कंत्राट बंद केलं की तो कामगार मूळ मालकाचा आपोआप होतो. आपल्या लोकांना वाटलं, उजाडलं. ३० ऑगस्ट २००१ ला त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठानं स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात ते दार लावून घेतलं: आपोआप काही होत नाही. पाच वर्षांचं उजाडणं.

कंत्राटाची रीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या गेटाबाहेर उभं राहून बघा. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो. माणूस तोच, फावडं तेच, राख तीच. गेटपास तेवढा नवा. मुकादम म्हणतो, आठ दिस घरी बस, मग बोलावतो. त्या आठ दिवसांत नोकरी कागदावर मरते आणि परत जन्मते. कारखाना बंद झाला तर भरपाई किती? पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पण वर्ष पुरं झाल्याचं दाखवायचं कशानं? वीस वर्षं राबला तरी कागदावर त्याचं वय कधी वर्षाच्या पुढं जातच नाही. शंभर कामगारांच्या कारखान्याला बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागायची. २०२० साली संसदेत नव्या श्रमसंहिता झाल्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि शंभराचे तीनशे झाले. कंत्राटी कामगाराचे नियम वीस माणसांच्या ठेक्याला लागायचे, ते आता पन्नासाला. एकोणपन्नासाचे दोन ठेके करायला ठेकेदाराला कितीसा वेळ लागतो?

मुद्द्याचं बोलतो. कायम जागेला बिंदुनामावली असते. कितवी जागा कोणाची हे लिहून ठेवलेलं असतं, चोरी झाली तर पकडता येते. ठेकेदाराच्या वहीला बिंदुनामावली नाही. आरक्षण मोडायचं तर संविधानाला हात लावायची काही गरज नाही, जागा कंत्राटात टाकली की काम झालं. आरक्षण पुस्तकात जिवंत आणि कारखान्यात मेलेलं. २००३ चा वीज कायदा आला, त्यानंतर २००५ साली मंडळ फोडून निर्मितीची वेगळी, वहनाची वेगळी, वाटपाची वेगळी अशा कंपन्या केल्या. तेव्हा आपण काय करत होतो? आपण गटाचे गट, गटाचे गट असं खेळत होतो. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं नऊ खासगी एजन्सींकडून सरकारी पदं भरायचा आदेश काढला. तेव्हा मात्र पोरं खवळली, आणि ऑक्टोबरात तो आदेश मागं घ्यावा लागला. खवळलं की हलतं. पण ती खवळ क्लार्कच्या आणि इंजिनिअरच्या खुर्चीसाठी होती. राखेच्या फावड्यासाठी कोण खवळणार?

आणि वर मजा अशी की राखेच्या कामात आपल्याला कोणी अडवत नाही! तिथं शंभर टक्के आरक्षण, न मागता. गटारात, हॉपरात, कोळशाच्या धुळीत. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातल्या ऊंचाहारच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी स्फोट झाला, राख साठून तुंबल्यानं. ४० हून जास्त माणसं भाजून मेली. मेलेल्यांत बहुतेक कंत्राटी होते. मरणाच्या हजेरीपटावर मात्र त्यांची नावं लागली.

युनियनवाल्यांना राग येईल, येऊ द्या. अदानीच्या विरोधात ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा एका दिवसात सरकार चर्चेला आलं. केवढी ताकद! ती ताकद खरी आहे, तिला माझा सलाम. पण कधी तरी त्या ताकदीनं असं म्हटलंय का की राखेवरचा माणूस आधी कायम करा, नाहीतर आम्ही काटे बघणार नाही? कायम कामगाराची सभा आणि कंत्राटी कामगाराची सभा एकाच गेटावर वेगळी का होते? सभेला येणाऱ्यांच्या पायातल्या बुटांकडं बघा, उत्तर मिळेल.

आता दुसरी जात बघू. नाशिक शहरातले सज्जन. ते म्हणतात, बरं झालं बंद होतंय, हवा शुद्ध होईल, आता सूर्याची वीज येईल. मी सूर्याच्या विरोधात नाही बाबा. कोळसा आज ना उद्या जाणार हे मलाही दिसतं. राख आपल्याच वस्तीच्या पत्र्यावर बसते, आपल्याच म्हातारीला खोकला लागतो, मग मला कोळशाचं प्रेम कशाला? पण ज्यांनी पन्नास वर्षं राख गिळली त्यांना सोडून बाकीचे शुद्ध हवा घेणार, हा कुठला न्याय? धूर होता तेव्हा तो आपला. धूर गेल्यावर जी जागा मोकळी होईल ती मात्र यांची!

आणि वीज महाग म्हणून संच थांबवतात म्हणे. कोळसा लांबून, विदर्भातून येतो, भाडं पडतं, युनिटचा दर चढतो. जी वीज स्वस्त ती आधी घ्यायची, महाग ती शेवटी, असा नियम. ठीक. पण मग जवळच सिन्नरला काय झालं? तिथं शेतकऱ्यांच्या जमिनीवर खासगी कंपनीनं २७० चे पाच संच, म्हणजे १३५० मेगावॅटचं केंद्र उभं केलं. आणि ते वर्षानुवर्षं धूर न काढता उभं राहिलं, दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. चालू सरकारी केंद्राला ६६० मिळत नाही, आणि कोणाला नको असलेलं १३५० बँकांच्या पैशावर उभं राहतं. स्वस्त आणि महाग हे हिशेब फक्त गरिबाच्या पोटापाशी आल्यावरच का कडक होतात?

आता बाबासाहेबांबद्दल. आपण त्यांना घटनेच्या पुतळ्यात अडकवून ठेवलंय. बोट वर, पुस्तक काखेत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे तुम्हाला पाठ आहे. पण वीजसुद्धा त्यांच्याच खात्याकडं होती, हे किती जणांना ठाऊक आहे? युद्ध संपल्यावर देशात वीज कशी वाढवायची त्याच्या धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. वीज सरकारच्या हातात असावी की खासगी, हा प्रश्न त्यांनी १९४३ सालीच टेबलावर ठेवला. वीज स्वस्त हवी, भरपूर हवी, कारण वीज नाही तर उद्योग नाही आणि उद्योग नाही तर गरिबाची दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी. १९४७ च्या राज्य आणि अल्पसंख्याक ह्या निवेदनात मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं त्यांनी लिहून दिलं. म्हणजे एकलहऱ्याचं केंद्र हे मंडळाचं, सरकारचं, साहेबांचं वगैरे नंतर; त्याच्या कल्पनेवर पहिला हक्क बाबासाहेबांचा आहे. आणि त्यांची पोरं त्यांच्या जयंतीला चौकात दहा हजार दिव्यांची रोषणाई करतात. त्या दिव्यांची वीज कोणी केली, हे विचारत नाहीत. वर्गणी कोणाकडून आली तेही विचारत नाहीत. मी सांगतो. काही वर्गणी ठेकेदाराकडून आली. ज्यानं आपल्या मावशीला किमान वेतनाच्या खाली राबवलं त्यानंच बाबासाहेबांच्या गळ्यात पाच हजारांचा हार घातला, आणि आपण माईकवरून त्याचं नाव दोनदा घेतलं. आणि तो ठेकेदार परकाच असतो असंही नाही. आपल्यातलाही असतो. निळा शर्ट घालून असतो. जयभीम जोरात म्हणतो. हे छापू नका म्हणणारे दोघंतिघं मला आधीच भेटलेत. छापा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्याकडं कोणाचं लक्ष नाही. जमीन.

१ फेब्रुवारी २०२० ला केंद्राच्या बजेटात अर्थमंत्र्यांनी सांगितलं की जी जुनी औष्णिक केंद्रं धुराचे नियम पाळत नाहीत ती बंद करावीत आणि त्यांची जमीन दुसऱ्या कामाला वापरावी. दुसऱ्या कामाला! वाचलं का तुम्ही? नाशिकरोडपासून हाकेच्या अंतरावर, नदीकाठची, रेल्वेची साइडिंग असलेली, रस्ते केलेली, वसाहत बांधलेली जमीन. त्या दुसऱ्या कामाच्या वासानं कोणाकोणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल ते सांगायला नको.

ती जमीन घेतली तेव्हा काय झालं? ज्याचा सातबारा होता त्याला मोबदला मिळाला, कमी मिळाला, रडवून मिळाला, पण मिळाला. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला. दाखल्यावर पोराला नोकरी मागता आली. तो हक्क त्याचाच होता, मी हिसकावून घ्या म्हणत नाही. पण त्याच वावरात जी बाई खुरपत होती तिचं काय गेलं ते कुठं लिहिलं? वावर गेलं तसं तिचं खुरपं गेलं. तिच्या हातात कुठला दाखला पडला? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं कुठं म्हटलं की तीन वर्षं तिथं राबणारं शेतमजुराचं कुटुंबसुद्धा बाधित धरायचं. चाळीस वर्षं उशीर. एकलहऱ्याच्या जमिनी त्याच्या कितीतरी आधी गेल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. संच बंद करायचे तर करा, नवा आणायचा तर आणा. पण त्या जमिनीच्या पुढच्या सातबाऱ्यावर पहिलं नाव भूमिहीनाचं लागलं पाहिजे. तिथं सूर्याची वीज करायची तर राखेत राबलेल्यांची सहकारी संस्था करून त्यांना भागीदार करा. सोसायटी साखरेचीच असते असं कोणत्या स्मृतीत लिहिलंय? आणि हे मागायला आपल्याला कोणाकडून उसनं आणायची गरज नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. माणसं बायकापोरांसकट तुरुंगात गेली, तुरुंग पुरेनात. त्यांनी नामांतर मागितलं नव्हतं, पुतळा मागितला नव्हता. पडीक जमीन मागितली होती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपण दर २ मार्चला आठवतो. जमिनीचा सत्याग्रह आठवायला मात्र आपल्याला लाज वाटते की काय? देवळाचं दार उघडलं तरी त्यातून भाकर बाहेर येत नाही हे दादासाहेबांना कळलं होतं.

संच थांबतो तेव्हा वस्तीत काय होतं हे पुस्तकात शोधू नका. बाप्या घरी बसतो, आठ दिवस चौकात, मग गुत्त्यावर. पोरगा सातपूर-अंबडला दुसऱ्या ठेकेदाराकडं. वसाहतीतले साहेब बदलून गेले की त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची चार घरं तुटतात, आणि हे तर कुठल्याच क्लोजरमध्ये मोजत नाहीत. मग ती पहाटे जीपमध्ये दाटीवाटीनं उभी राहून निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागेत जाते. डिपिंग, थिनिंग, औषधाच्या पाण्यात हात. उचल मुकादमाची, बाग बागाईतदाराची. म्हणजे पन्नास वर्षांत चिमणीला प्रदक्षिणा घालून आपण परत बांधावर. सायकलची घंटी वाजवत गेलेल्या त्या पोराची सून बांधावर परत 'दादा, काम असंल तर बोलवा' म्हणत उभी. कारखाना बंद होणं म्हणजे आपल्या बाबतीत हे आहे. दुसऱ्याचं उत्पन्न बुडतं, आपली सुटका बुडते.

मग करायचं काय? नुसता लेख पाडून मोकळा होणारा मी नाही.

वही करायची. ठेकेदाराच्या वहीसमोर आपली वही. गेटावर जाण्याआधी वस्तीत बसा आणि प्रत्येक घरातून लिहून घ्या: कोण, कोणत्या सालापासून, कोणत्या कामावर, कोणकोणत्या ठेकेदाराकडं, गेटपासचा नंबर, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, कापलेला पैसा भरलाय की खाल्लाय. जुने गेटपास लोकांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असतात, बाबासाहेबांच्या फोटोमागंही असतात. ते काढा, झेरॉक्स करा. वीस वर्षांचे वीस गेटपास ओळीनं लावले की बारमाही काम कशाला म्हणतात ते कामगार आयुक्ताला वाचून दाखवावं लागणार नाही. खोकला कोणाला, कधीपासून, कोणत्या दवाखान्याचा कागद आहे, तेही लिहा. जमीन गेली तेव्हा वावरात कोण राबत होतं ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याजवळ बसा, घाई करू नका, त्यांना वेळ लागतो. आणि बायांची नावं नवऱ्याच्या नावाखाली घुसडू नका. झाडूवालीचं नाव, भांडीवालीचं नाव, स्वतंत्र ओळ. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. ठेक्यांची यादी मागा, एकेका ठेक्यात किती माणसं दाखवली ते मागा, आणि आपल्या वहीशी ताडून बघा. फरक निघेल. तो फरक घेऊन गेटावर जा, मग साहेब हसत निवेदन घेतो का ते मला कळवा.

कोणी विचारेल, जात लिहायची का? लिहायची. आरक्षण कापताना ते जात बघूनच कापतात, मोजताना आपण लाजायचं कशाला. आणि त्या वहीत आदिवासी कोळी येईल, मातंग येईल, बिहारचा भय्या येईल, मुसलमान येईल. येऊ द्या. राखेत उतरला तो वहीत आला.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की उठून जाऊ नका. दोनशे पानी दोन वह्या मी आणतो. अक्षर चांगलं असलेली दोन पोरी-पोरं तुम्ही आणा. नाल्याकडच्या पहिल्या घरापासून सुरू करू, म्हाताऱ्याला सकाळीच बरं ऐकू येतं.